श्टुटगार्टला येऊन आठ महिने झाले: जिन्याची पाळी, किटा आणि बाकी सगळं

मोगरावेल:

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मार्च २०२५ मध्ये आम्ही तिघं पुण्याहून जर्मनीत श्टुटगार्टला आलो. नवऱ्याला इथे नवी नोकरी लागली, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर. मी मूळची सांगलीची, पुण्यात अकरा वर्षं एका सहकारी बँकेत कर्ज विभागात होते. लेक येताना साडेतीन वर्षांची होती, आता चार पूर्ण झाली.

यायच्या आधी व्हिसा, घर, विमा यांवर मिळेल ते वाचून काढलं होतं आणि ते सगळं उपयोगी पडलं. पण कागदपत्रं संपल्यावर रोजचा दिवस कसा उभा करायचा, हे कुठे वाचलं नव्हतं. त्याबद्दल लिहायचंय.

पहिले दोन महिने धावपळीत गेले. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद त्यासाठी लागतो. ती नोंद झाली की बाकीची गाडी सुरू होते, आणि सगळं टपालाने येतं. टॅक्सचा अकरा आकडी नंबर टपालाने, विम्याचं कार्ड टपालाने, बँकेचा पिन वेगळ्या टपालाने. घरात टीव्ही नसतानाही रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं, महिन्याला १८.३६ युरो, दर घरामागे. मला ती फसवणूक वाटली आणि मी पत्र बाजूला ठेवलं, मग स्मरणपत्र आलं. नवीन येणाऱ्यांनो, ते खरं असतं, भरून टाका.

घर मिळालं शहराच्या बाड कानश्टाट भागात, तिसऱ्या मजल्यावर. किल्ली घेऊन आत गेलो तर स्वयंपाकघरात स्वयंपाकघर नव्हतंच. भिंतीतून बाहेर आलेली पाण्याची दोन तोंडं, एक जाड वायर आणि फरशीवर ओट्याच्या मापाचा फिकट पट्टा. आधीचा भाडेकरू ओटा, सिंक, शेगडी, कपाटं सगळं उचकटून घेऊन गेला होता. इथे ही रीतच आहे. जुना ओटा विकत मिळून बसेपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर मी बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासली आणि एका विजेच्या शेगडीवर जमिनीवर बसून स्वयंपाक केला. लेकीला ती सहल वाटायची.

मग मे महिना उजाडला. नवरा साडेसातला बाहेर पडायचा, त्याला ऑफिस होतं, माणसं होती, दुपारचं जेवण चौघांत व्हायचं. आम्ही दोघी घरात. किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, जागा सप्टेंबरपासून मिळणार होती. मी बँकेत रोज तीस-चाळीस माणसांशी बोलणारी बाई. इथे दिवसभरात माझ्या तोंडून मोठ्या माणसाशी निघणारे शब्द म्हणजे दुकानातल्या काउंटरवरचं 'हालो' आणि 'डांके'. कोणी वाईट वागत नव्हतं. पण माझी कोणाला गरजही नव्हती. हे मी आईलासुद्धा सांगितलं नाही.

अशात एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला दोरीने अडकवलेली एक लाकडी पाटी दिसली. वर जुन्या वळणाच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं चुकून अडकवली असेल, कोणी शोधत येईल. म्हणून मी ती काढून आत चपलांच्या कपाटावर ठेवली.

दोन आठवड्यांनी समोरच्या दारातल्या आजींनी बेल वाजवली. वय ऐंशीच्या आसपास, उंच, कंबरेला एप्रन. त्या बोलत होत्या, मला कळत नव्हतं, आणि त्यांचं बोट सारखं जिन्याकडे. मी घाबरले. शेवटी त्यांना कपाटावरची पाटी दिसली. त्यांनी ती उचलली, एकेका शब्दावर बोट ठेवून मला वाचून दाखवली: केअरवोख. झाडायचा आठवडा. पाटी ज्याच्या दाराला, त्या आठवड्यात जिना त्याचा. आमच्या मजल्यावर दोनच घरं, म्हणजे पाळी त्यांच्यात आणि आमच्यातच फिरते. मी पाटी आत ठेवल्यामुळे दोन आठवडे जिना कोणीच झाडला नव्हता.

मला रडू आलं. आजींनी काही समजूत घातली नाही. आत जाऊन झाडू, बादली आणि फडकं घेऊन आल्या आणि सरळ करून दाखवायला लागल्या. आधी वरच्या पायरीपासून खाली झाडत यायचं. मग ओलं फडकं. पायरीचा भिंतीकडचा कोपरा झाडूने निघत नाही, तिथे फडक्यात बोट गुंडाळून फिरवायचं. कठडा. खिडकीची कड. फडकं दर चार पायऱ्यांनी पिळायचं. सहाव्या पायरीवर त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं आणि स्वतः वर उभ्या राहून बघत राहिल्या. सांगलीला माझी आजी अंगण झाडताना अशीच पायरीवर उभी राहून आम्हा नातींवर नजर ठेवायची, 'कोपरा राहिला गं' म्हणायची. इथल्या आजींनीही कोपरा दाखवला. भाषा तेवढी वेगळी.

ऐकायला विचित्र वाटेल, पण या देशात मला पहिल्यांदा कोणीतरी काम दिलं ते त्या दिवशी. आजही पाटी दाराला लागली की मला बरं वाटतं.

तर मला विचारायचंय, तुमच्यापैकी जे जोडीदाराच्या नोकरीमुळे बाहेर आले, त्यांचा दिवस कधी आणि कशाने मार्गी लागला?

द्राक्षबाग:

मोगरावेल, श्टुटगार्टकर म्हणून स्वागत. मी शेजारी एस्लिंगेनला, १४ वर्षं झाली.

पाटीवरून थोडं सांगतो, कारण हे प्रकरण इथल्या लोकांच्या फार जवळचं आहे. श्टुटगार्टच्या १४९२ सालच्या नगरनियमांतही शहर स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येकाने आठवड्याला आपली घाण बाहेर नेऊन टाकावी असं आहे. शहराने सक्तीचा नियम १९८८ मध्ये काढून टाकला, तरी भाडेकरारांमधून पाळी चालूच राहिली. तुमची झाली ती छोटी केअरवोख. मोठी वेगळी असते, त्यात फाटक, फुटपाथ, तळघराचा जिना, कचऱ्याच्या पेट्या. करार काढून बघा. हिवाळ्यात बर्फ पडला तर फुटपाथ कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत मोकळा करावा लागतो. तो कोणाकडे आहे ते आत्ताच विचारून ठेवा, बर्फ पडल्यावर नको.

आजींची भाषा कळली नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या श्वेबिश, म्हणजे इथली बोली बोलत असणार, क्लासमध्ये शिकवतात ती जर्मन नव्हे. शब्दाला 'ले' लावला की तो लाडका होतो, आपण ताटाचं ताटली करतो तसं. घराचं हॉइजले, थोडंसं म्हणजे बिसले. तुम्ही एकदा 'बिसले' म्हणून बघा, समोरचा माणूस उजळतो.

आणि १९६८ पासून मुंबई हे श्टुटगार्टचं भगिनी शहर आहे. आजींना सांगा, त्यांच्या वयाच्या लोकांना ठाऊक असतं.

कोथरूडकर:

फार वेळेवर धागा आला. आम्ही जानेवारीत निघतोय, श्टुटगार्टच. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी २ वर्षांची. सामानात काय घ्यावं यावरून घरात रोज वाद चालू आहेत. आई तुपाची बरणी भरून बसलीये. शिवाय मुलाच्या शाळेची धास्ती आहे, त्याला जर्मनचा एक शब्द येत नाही.

मेतकूट:

कोथरूडकर, तुपाची बरणी आईंकडेच राहू द्या. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, काहीच नको, विमानतळावर काढून घेतात आणि फार जिवाला लागतं. माझ्या सासूबाईंनी केलेल्या बर्फीचा डबा म्युनिकला माझ्या डोळ्यांसमोर कचऱ्यात गेला. त्यापेक्षा इथे झाउअररामबुटर म्हणून आंबवलेल्या सायीचं लोणी मिळतं, ते बिनमिठाचं आणून कढवा. कणीदार होतं आणि वास अगदी घरचा.

चक्क्याला पर्याय क्वार्क, म्हणजे इथलं मऊ ताजं चीज, डब्यावर ४० टक्के फॅट लिहिलेलं. तरी रात्रभर फडक्यात टांगाच, नाहीतर श्रीखंड पातळ होतं. ताकाला बुटरमिल्श. पोळीला १०५० नंबरची गव्हाची कणीक बऱ्यापैकी चालते, तुर्की दुकानात त्याहून बरी मिळते, तिथेच कोथिंबिरीची जुडीही आपल्यासारखी जाडजूड मिळते. सुपरमार्केटात कुंडीतल्या चार काड्या देतात.

घेऊन याल ते असं: गोडा मसाला, भाजणी, आमसुलं, बिडाचा तवा. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, स्टीलचा जाड बुडाचा घ्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे मिक्सर निर्धास्त आणा, पिन तेवढी बदलावी लागते.

दोन्ही मुलांची लसीकरणाची पुस्तकं हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. मार्च २०२० पासून गोवराच्या लसीचा पुरावा दाखवल्याशिवाय किटात प्रवेश मिळत नाही, आणि शाळेतही तो मागतात.

द्राक्षबाग:

कोथरूडकर, मुलाबद्दल. आपल्या राज्यात, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचा वर्ग असतो. तिथे आधी भाषा, आणि गणित, खेळ, चित्रकला अशा तासांना हळूहळू नेहमीच्या वर्गात. माझी पुतणी दहाव्या वर्षी आली, पहिले चार महिने वर्गात एक अक्षर बोलली नाही, सगळे घाबरले. पाचव्या महिन्यात भांडायला लागली, तेही पूर्ण वाक्यांत.

फक्त एक लक्षात ठेवा. इथे चौथीनंतर शाळांचे रस्ते वेगळे होतात, गिम्नाझिउम, रिआलशूल वगैरे. नऊ वर्षांच्या मुलासाठी ते फार लवकर येतं. पहिल्याच पालकभेटीत शिक्षकांशी त्यावर बोला आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, की एक रस्ता घेतला म्हणून पुढचे सगळे बंद होत नाहीत. आम्हाला हे दोन वर्षं कोणी सांगितलं नाही, उगाच झोपा उडाल्या.

नदीकाठ:

मी या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्या घरात नोकरीसाठी आलेला तो मीच. श्टुटगार्टजवळ झिंडेलफिंगेन, २०१९.

संध्याकाळी घरी आल्यावर मी रोज विचारायचो, 'आज काय केलंस?' मला ते प्रेमाने विचारणं वाटायचं. डिसेंबरात एक दिवस ती म्हणाली, 'हे विचारू नकोस. सांगण्यासारखं काही नसतं, आणि ते रोज तुला सांगावं लागतं.' बाहेर साडेचारलाच अंधार पडलेला होता, दिवा लावायचं तिला सुचलं नव्हतं. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

मग आम्ही एक केलं. मंगळवार आणि गुरुवार मी पाचच्या ठोक्याला ऑफिसातून निघायचं, बाळ माझ्याकडे, आणि ती रोटेब्युलप्लाट्झच्या लोकविद्यापीठात जर्मनच्या वर्गाला. साहेबांना सांगताना मला घाम फुटला होता, त्यांनी नुसती मान हलवली. भारतातून येताना आपण ऑफिसात उशिरापर्यंत बसायची सवय घेऊन येतो, इथे तशी अपेक्षा कोणी ठेवलेलीच नसते. तिला बी-वन, म्हणजे भाषेची मधली पातळी, व्हायला दीड वर्ष लागलं. आज ती दातांच्या एका दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळते, फोनवर श्वेबिश म्हाताऱ्यांना वेळ देते.

मोगरावेल, ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायला परवानगी असते, हे तुम्हाला माहीत असेलच. अकरा वर्षं कर्ज विभागात काढलेल्या माणसाने ते कागदावरच ठेवू नये. आणि तुमच्या यजमानांना माझी ही पोस्ट वाचायला द्या.

सह्यकडा:

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. एकटेपणावर सगळे मराठी मंडळाचा रस्ता दाखवतात. गणपती, दिवाळी, पिठलं-भाकरी, छानच. पण मी असे लोक पाहिलेत जे १५ वर्षांनंतरही डॉक्टरकडे जाताना दुभाषा म्हणून पोराला नेतात. पहिली दोन वर्षं आपल्या माणसांपासून जाणूनबुजून लांब राहावं, तरच भाषा येते.

मेतकूट:

सह्यकडा, दहा वर्षांच्या पोराने आईचा आजार डॉक्टरला समजावून सांगणं वाईटच, तिथे मी तुमच्या बाजूने. पण 'लांब राहा' हे पटत नाही. मला ताप होता, नवरा दौऱ्यावर, तेव्हा रात्री अकराला मुलाला उचलून नेलं ते मंडळातल्याच एका ताईंनी. रविवारी दुकानं बंद, दवाखाना बंद. ११६११७ या नंबरावर फोन केला की सुट्टीच्या वेळचे डॉक्टर मिळतात, हेही मला त्यांनीच सांगितलं. आपल्या भाषेत मनमोकळं रडता आलं की दुसऱ्या दिवशी जर्मन बोलायला अंगात बळ येतं. माझा तरी अनुभव हाच.

चाफेकळी_मिरज:

मी बाहेर राहत नाही, माझा मुलगा-सून राहतात, फ्रांकफुर्टजवळ. तरी लिहिते.

मुलाचा फोन तिकडच्या सहाला येतो. उन्हाळ्यात आमच्याकडे तेव्हा साडेनऊ झालेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ मागे घेतात, मग साडेदहा होतात. ह्यांचे डोळे मिटत असतात, तरी फोन येईपर्यंत हे पडत नाहीत. मोगरावेल, तू म्हणतेस आईला सांगितलं नाही. बाळा, आईला कळतं. 'सगळं छान' हे तीनदा म्हटलं की कळतं. सांगितलंस तर ती काही करू शकणार नाही हे खरं, पण न सांगितल्याने ती जास्त जागते.

मोगरावेल:

सगळ्यांची उत्तरं दोन-दोनदा वाचली. नदीकाठ, तुमची पोस्ट यजमानांनी वाचली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. या बुधवारपासून किटातून लेकीला आणायचं काम त्यांचं.

चाफेकळीकाकू, तुमचं वाचून आईला फोन केला आणि मे महिन्यापासूनचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'मला वाटलंच.'

किटाबद्दल राहिलं होतं. सप्टेंबरात सुरू झालं. इथे मुलाला दारात सोडून निघून येत नाहीत. पहिले काही दिवस आईने किंवा वडिलांनी त्याच खोलीत कोपऱ्यात बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं चार आठवडे चाललं. छोट्या खुर्चीवर बसून माझे पाय आखडायचे, पण त्या चार आठवड्यांत मीच चार वर्षांच्या मुलांकडून जर्मन शिकले. 'थांब', 'माझं आहे', 'अजून एकदा', 'चिखल'. चिखल तर फार. पावसातही मुलांना बाहेर काढतात, त्यासाठी रबरी विजार आणि गमबूट किटातच ठेवायचे. लेकीशी घरी जर्मन बोलू का असं बाईंना विचारलं, तर त्यांनी ठामपणे नाही म्हटलं. घरी तुमची भाषा पक्की करा, आमची आम्ही बघतो. मला इतका धीर आला.

११ नोव्हेंबरला सांक्ट मार्टिन या संताच्या दिवसाची कंदिलांची मिरवणूक झाली. त्याआधी पालकांना संध्याकाळी कंदील करायला बोलावलं होतं. पुठ्ठ्याची चौकट, त्यावर रंगीत पारदर्शक कागद, आत दिवा. मी सवयीने खाली कागदाच्या झिरमिळ्या लावल्या, आपल्या आकाशकंदिलाला असतात तशा. शेजारच्या आईने बघितलं आणि कात्री माझ्यापुढे सरकवली, तिला शिकव म्हणून. अंधारात मिरवणूक नेकार नदीच्या काठाने निघाली तेव्हा सात कंदिलांना झिरमिळ्या होत्या.

सह्यकडा, भाषेचं पटलं. जानेवारीच्या वर्गात नाव घातलंय. मंडळ मात्र सोडणार नाही.

आणि एक सांगायचंय. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी दाराबाहेर तांदळाच्या पिठाची लहानशी रांगोळी काढली होती. जिन्याची पाळी त्या आठवड्यात आजींची. संध्याकाळी येऊन बघते तर सगळी फरशी पुसलेली, ओली, आणि रांगोळीभोवती वीतभर कोरडी जागा सोडलेली. तिथे त्यांनी फडकं नेलं नव्हतं, अगदी कोपऱ्याकोपऱ्यातून वळवलं होतं.

या सोमवारीही पाळी त्यांचीच होती, पण पाटी आमच्या दाराला दिसली. सोबत चिठ्ठी. शब्दकोश घेऊन बसले तेव्हा कळलं: गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे, तीन आठवडे नसेन. आत्ताच जिना पुसून आले, लेक छोटं फडकं घेऊन मागे होती. रविवारी त्यांना दवाखान्यात भेटायला जायचंय. इथे आजारी माणसाला भेटायला जाताना काय नेतात? शिरा करून नेला तर चालेल का?

द्राक्षबाग:

फुलं न्या, पण कापलेली, गुच्छ. कुंडीतलं रोप मुळीच नको. मातीतल्या जंतूंमुळे दवाखान्यात ते चालत नाही, आणि जुनी माणसं त्याला अपशकुन मानतात, आजार मूळ धरतो म्हणून. भेटीच्या वेळा फोन करून विचारा. शिरा डब्यातून न्या, आधी नर्सला दाखवा, पथ्य असेल तर ती सांगेल.

मोगरावेल:

आभार. गुच्छ शनिवारीच घेऊन ठेवते, रविवारी दुकानं बंद. पाटीही बरोबर नेऊन दाखवू का असं लेक विचारतेय. ती दारालाच राहू दे म्हटलं.